सँड्रा श्मर्लर पुरस्कार: कर्लिंगमधली ‘सर्वात मोलाची खेळाडू’ ठरते तरी कशी?

गारगोटी

कॅनडाच्या महिला राष्ट्रीय कर्लिंग (बर्फावरून दगड सरकवून वर्तुळांच्या, म्हणजे ‘घराच्या’, मध्याजवळ थांबवायचा खेळ) स्पर्धेत, म्हणजे स्कॉटीज टूर्नामेंट ऑफ हार्ट्समध्ये, बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूला सँड्रा श्मर्लरच्या नावाचा पुरस्कार देतात. निवड तिथं वार्तांकन करणारे पत्रकार करतात. पुरुषांच्या ब्रायर स्पर्धेत असाच पुरस्कार हेक जर्व्हे यांच्या नावानं आहे.

दरवर्षी पुरस्कार जाहीर झाला की तोच वाद होतो. संघात चौघी (क्रमानं लीड, सेकंड, थर्ड आणि डावपेच ठरवणारी स्किप), प्रत्येकी एका एंडला, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून १६ दगडांच्या डावाला, दोन दगड टाकणार, पण बक्षीस बहुतेक वेळा शेवटचे दोन दगड टाकणारीकडे, म्हणजे स्किपकडे. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर आकड्यांतून नेमकं काय पाहावं, यासाठी हा धागा. ‘मला अमुक आवडते’ छापाचे प्रतिसाद नकोत, मोजमापावर बोलू.

आधी मोजमापाचा पाया. मोठ्या स्पर्धेत टाकलेल्या प्रत्येक दगडाला ० ते ४ गुण मिळतात. दहा एंडच्या सामन्यात एका खेळाडूचे २० दगड, म्हणजे कमाल ८० गुण. ६८ मिळाले तर टीव्हीवर ८५ टक्के दिसतात. स्किपनं मुद्दाम घराबाहेर घालवलेला दगड हिशोबात धरत नाहीत.

पेबल

चांगला विषय. टक्क्यांबद्दल सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: गुण मिळतात ते *सांगितलेल्या* शॉटला. त्या क्षणी कोणता शॉट शहाणपणाचा होता याच्याशी गुणलेखकाला कर्तव्य नाही. स्किपनं चुकीचा शॉट मागितला आणि सेकंडनं तो तंतोतंत टाकला, तर सेकंडला ४. डाव बिघडला तरी ४.

गार्डमागे (गार्ड म्हणजे घरासमोर आडोशाला ठेवलेला दगड) ड्रॉ, म्हणजे घरात थांबणारा हळू दगड, मागितला असेल तर साधारण असं चालतं. दगड गार्डच्या आडोशाला मागितल्या जागी थांबला तर ४. फूटभर खोल गेला पण आडोशात राहिला तर ३. घरात आला पण उघडा पडला तर २. घराच्या कडेला लटकला, थोडाफार उपयोग आहे, तर १. हॉग लाइनच (घराआधीची रेषा, ती न ओलांडणारा दगड बाद) ओलांडली नाही किंवा मागून निघून गेला तर शून्य. दुहेरी टेकआउट (एका दगडानं प्रतिस्पर्ध्याचे दोन दगड उडवणं) मागितला आणि एकच दगड निघाला तर बहुधा २.

आता गंमत बघा. २००५ ची अंतिम लढत, सेंट जॉन्स. ऑन्टारियोची जेन हॅना पुढे, आणि जेनिफर जोन्सच्या हातात शेवटचा दगड. हॅनाचा दगड आडोशामागे, सरळ वाट नाही. जोन्सनं बाजूच्या दगडावर आपला दगड आपटून आत वळवला, हॅनाचा दगड उडवला, सामन्याचे चार गुण घेतले (एंड संपल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या दगडांपेक्षा मध्याजवळ असलेल्या प्रत्येक दगडाचा एक) आणि सामना ८-६ असा जिंकला. कॅनडात अजून ती फीत दाखवतात. गुणपत्रकात त्या दगडाची कमाल किंमत ४. पहिल्या एंडला लीडनं रिकाम्या बर्फावर मधोमध ठेवलेल्या गार्डचीही कमाल किंमत ४.

चौथा_दगड

म्हणूनच पत्रकार स्किपला निवडतात आणि योग्यच करतात. टक्क्यांत न दिसणारा भार तिच्यावर असतो.

शिशिर_तोरांटो

इतकं सोपं नाही, चौथा_दगड. टक्क्यांत स्किपवर अन्याय होतो तसा लीडवरही होतो, फक्त वेगळ्या वाटेनं.

स्किप घरात उभी राहून ब्रश धरते. तो ब्रश म्हणजे नेम. दगड किती वळेल याचा अंदाज तिचा, टाकणारीनं फक्त त्या रेषेवर ठरल्या वेगानं सोडायचा. अंदाज अर्धा फूट चुकला आणि लीडनं अगदी ब्रशवर दगड टाकला, तरी शेवटी तो चुकीच्या जागी थांबतो. गुणलेखक काचेपलीकडे बसलेला असतो. चूक नेमात होती की हातात, हे त्याला दर वेळी कळत नाही, मग तो निकालाकडे पाहून १ किंवा २ देतो. म्हणजे बर्फ वाचण्यातली स्किपची चूक लीडच्या खात्यावर पडते. उलट पहिल्या तीन एंडांत बर्फ नीट वाचणारी स्किप मिळाली तर लीड-सेकंडचे टक्के आपोआप चांगले दिसतात.

आणि स्वीपिंगचं, म्हणजे दगडापुढचा बर्फ ब्रशनं घासण्याचं, काय? त्याला गुणपत्रकात रकानाच नाही. स्किपचा ड्रॉ हॉग लाइनवरच मेल्यासारखा वाटतो, लीड आणि सेकंड तीस मीटर जीव खाऊन घासत त्याला बटनपर्यंत, म्हणजे घराच्या मध्यापर्यंत, नेतात, आणि ४ गुण स्किपच्या नावावर! २०१५-१६ च्या हंगामात ब्रशच्या कापडावरून मोठा वाद झाला. काही कापडांनी दगड अक्षरशः हाकता येत होता. त्यानंतर कापड प्रमाणित केलं. तरीही आजच्या चांगल्या स्वीपर दगडाचा पल्ला वाढवतात आणि वळणही थोडंफार राखतात किंवा वाढवतात. हे काम मोजल्याशिवाय ‘मोलाची’ हा शब्द अर्धवटच.

गारगोटी

शिशिर, मुद्दा पटला. पण तो मोजायचा कसा? कुणाकडे पद्धत आहे का?

हिमांगी_स

थोडीफार मोजता येते, अचूक नाही.

घड्याळ लावायची दोन ठिकाणं आहेत. पहिलं, सोडताना: मागची रेषा ते जवळची हॉग लाइन. स्पर्धेच्या चांगल्या बर्फावर ड्रॉला हा वेळ साधारण साडेतीन ते चार सेकंद. दुसरं, हॉग लाइन ते हॉग लाइन, २१.९५ मीटर. ड्रॉला अंदाजे १४ ते १५ सेकंद, जोराच्या टेकआउटला १० च्या आसपास. सेकंद जास्त म्हणजे दगड हळू.

एकाच शीटवर (खेळाच्या पट्टीवर), एकाच बाजूनं आधी गेलेल्या दगडांचे पहिले वेळ आणि ते थांबले ती जागा टिपून ठेवायची. मग पुढचा दगड सुटताच कळतं की न घासता हा कुठे थांबला असता. प्रत्यक्षात जिथे थांबला त्यातून ते अंतर वजा केलं की स्वीपरांची कमाई, ढोबळमानानं.

यात फसायला होतं ते असं. पेबल, म्हणजे बर्फावर शिंपडलेले पाण्याचे गोठलेले थेंब, सामन्याबरोबर झिजतात. चौथ्या एंडचा वेळ आठव्या एंडला लावला तर उत्तर चुकणारच. मधल्या वाटेवर सगळ्यांचे दगड जातात, तिथला बर्फ लवकर जलद होतो. कडेची वाट तशीच राहते. त्यामुळे तुलना त्याच वाटेवरच्या, मागच्या एक-दोन एंडांतल्या दगडाशीच करायची. दुसरी अडचण टीव्हीची: दगड सुटला की कॅमेरा बदलतो, दूरची हॉग लाइन नेमकी त्याच वेळी दिसत नाही. अशा वेळी नुसता पहिला वेळ घ्या, दुसऱ्याचा नाद सोडा. पण पहिल्या वेळेतही एक खोट आहे. काही खेळाडू हॉग लाइनजवळ मनगटानं हलका धक्का देतात, वेळ तोच येतो आणि दगड लांब जातो. खेळाडूगणिक वेगळी नोंद ठेवावी लागते.

पेबल

+१. यात एक भर. बाद फेरीत नमुना किती लहान आहे हे लोक विसरतात.

पेज पद्धतीत (पहिल्या चार संघांच्या बाद फेरीत) पहिला-दुसरा यांच्यातला सामना जिंकणारा संघ थेट अंतिम फेरीत जातो, म्हणजे त्यापुढे एकच सामना. हरणारा उपांत्य खेळून येतो. तिसऱ्या-चौथ्यातून वर येणाऱ्याला अंतिम धरून तीन सामने. पत्रकार ज्या खेळाडूंची तुलना करतात त्यांच्यात एकीचे ४० दगड, दुसरीचे ६०.

साठ दगड म्हणजे २४० गुण. एक दगड पूर्ण फुकट गेला तर ४ गुण, म्हणजे १.६७ टक्के. ‘अमुक ८८ टक्के, तमुक ८६ टक्के’ या वाक्यात जो फरक दाखवला जातो तो एका दगडाहून किंचित जास्त आहे. एकाच सामन्यात तर एक दगड ५ टक्क्यांचा. आणि प्रतिस्पर्ध्यानं आठ एंडनंतर हार मानून हात मिळवले तर १६ दगडच होतात, मग एक चूक सव्वासहा टक्के खाते. एवढ्याशा फरकावरून कुणाला डावलणं हा निव्वळ आकड्यांचा खेळ.

चौथा_दगड

मग टक्के पाहायचेच नाहीत का? आकडे काढून टाकले की उरतो तो ‘मला असं वाटलं’. तेच तर गारगोटींना नको होतं.

पेबल

पाहायचे, पण दगडांच्या भाषेत उलटवून. ‘ती तिच्याच जागेवरच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा तीन दगड वरचढ’ असं म्हणा. ८८-८६ म्हणू नका. आणि लीडची तुलना लीडशीच. लीडचे टक्के स्वभावतःच जास्त असतात, कारण तिचे शॉट मोकळ्या बर्फावर पडतात. स्किप ८०, लीड ९० हे पाहून ‘लीड भारी’ म्हणणारे दरवर्षी निघतात.

रिजायनाकर

आकड्यांत ज्यांच्या नावाचा पुरस्कार त्या राहूनच गेल्या, म्हणून थोडं.

सँड्रा श्मर्लर सस्कॅचवान प्रांतातल्या बिगर गावच्या. जन्म ११ जून १९६३. (गावाच्या वेशीवर पाटी आहे: न्यूयॉर्क मोठं असेल, पण हे बिगर आहे! इंग्रजीत ‘बिगर’ म्हणजे ‘आणखी मोठं’ही; कोटी मराठीत येत नाही, इलाज नाही.) त्यांचा संघ रिजायनाचा: थर्ड जॅन बेटकर, सेकंड जोन मकस्कर, लीड मार्शा गुडराइट. १९९३, १९९४ आणि १९९७ असं तीनदा राष्ट्रीय विजेतेपद आणि त्या तिन्ही वर्षी जगज्जेतेपदही. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये महिला कर्लिंग पहिल्यांदाच अधिकृत पदकाचा खेळ म्हणून आला. सामने नागानोत नव्हते, करुइझावात झाले. उपांत्य फेरीत ब्रिटनशी जादा एंड, ६-५. अंतिम सामन्यात डेन्मार्कवर ७-५, सुवर्ण.

ऑलिंपिकसाठीच्या निवड स्पर्धेत, नोव्हेंबर १९९७, ब्रँडन इथं, शॅनन क्लाइब्रिंकविरुद्ध अंतिम सामन्यात श्मर्लरनी एक इन-ऑफ मारला. बाहेरच्या दगडावरून आत वळून प्रतिस्पर्ध्याचा दगड काढला आणि तीन गुण घेतले. वर जोन्सचा शॉट आला त्याच जातीचा हा.

कर्करोगानं २ मार्च २००० रोजी त्या गेल्या, वय ३६. जाण्याआधी काही आठवडे मॉन्क्टनच्या ज्युनियर स्पर्धेत त्या सीबीसीसाठी समालोचन करायला आल्या होत्या. अंत्यविधी देशभर टीव्हीवर दाखवला गेला, आणि सॅस्कटूनच्या ब्रायर स्पर्धेत तो पडद्यावर पाहता यावा म्हणून खेळ उशिरा सुरू केला. त्यांच्या नावाचं फाउंडेशन नवजात अतिदक्षता विभागांना उपकरणं देतं.

आता धाग्याच्या विषयाशी जोड. हा संघ पाहताना एक गोष्ट ठळक दिसते: बेटकर थर्ड असली तरी ती दुसरी स्किपच होती. श्मर्लर दगड टाकायला हॅककडे, म्हणजे पाय टेकवून दगड सोडायच्या जागी, गेल्या की घरात ब्रश बेटकरचा. म्हणजे ज्या शॉटसाठी स्किपचं नाव होतं त्या शॉटचा बर्फ थर्डनं वाचलेला असतो. शिशिर म्हणतात ते इथंही लागू, फक्त उलट दिशेनं.

शिशिर_तोरांटो

अगदी. आणि ‘स्किप’ व ‘चौथी’ एकच असतात असंही नाही. स्वित्झर्लंडच्या सिल्वाना तिरिंझोनी स्किप, पण टाकायच्या तिसऱ्या क्रमांकावर. शेवटचे दोन दगड अलिना पेट्झचे. २०१९, २०२१, २०२२, २०२३ अशी चार जगज्जेतेपदं (२०२० ची स्पर्धा झालीच नाही). अशा संघात ‘मोलाची’ कोण? डोकं एकीचं, शेवटचा हात दुसरीचा. पत्रकारांना इथं तरी स्वतःला प्रश्न विचारावा लागतो. एरवी दोन्ही कामं एकाच बाईकडे असल्यानं प्रश्नच पडत नाही.

अनघा_बर्फवाली

बाजू लीड-सेकंडची मांडायची तर नियम बघा, कारण त्यांच्या कामाचं मोल नियमांनी बदललंय.

२०१८-१९ पासून पाच दगडांचा नियम आहे. घराबाहेरचा, हॉग लाइन आणि टी लाइन (घराच्या मध्यातून जाणारी आडवी रेषा) यांमधला प्रतिस्पर्ध्याचा गार्ड एंडच्या पहिल्या पाच दगडांत खेळाबाहेर काढता येत नाही. सहावा दगड पहिला मोकळा. म्हणजे दोन्ही लीडचे चारही दगड आणि पहिल्या सेकंडचा एक दगड बंधनात. परिणाम असा की घरासमोर गर्दी टिकते आणि ती साफ करायची वेळ आली की काम सेकंडच्या गळ्यात पडतं. आघाडीवर असलेल्या संघाच्या सेकंडला एका दगडात दोन गार्ड काढता आले नाहीत तर पुढे थर्ड आणि स्किप दोघी अडकतात.

लीडकडे पूर्वी एक हुकमी शस्त्र होतं: टिक. मधला गार्ड खेळात ठेवून हलकेच बाजूला सरकवायचा. हॅमर, म्हणजे एंडचा शेवटचा दगड, हातात असून शेवटच्या एंडला बरोबरी असेल तर दोन टिक जमल्या की निम्मं काम झालं. अलीकडे मध्यरेषेला लागलेला गार्ड पहिल्या पाच दगडांत तिथून हलवताच येत नाही. त्यामुळे लीडची कसोटी बदलली: गार्ड मध्यरेषेला *लागून* ठेवता येतो का. दोन इंच बाजूला पडला की संरक्षण गेलं. गुणपत्रकात त्या दोन इंचांचे फार तर ४ चे ३ होतात, सामन्यात अख्खा एंड जातो.

मग टिपायचं काय? माझ्या वहीतले रकाने देते: एंड, कितवा दगड (१ ते १६), हॅमर कुणाकडे, फरक किती, मागितलेला शॉट, फिरकीची बाजू, ० ते ४, आणि अवघडपणा अ-ब-क. क म्हणजे मोकळा शॉट. ब म्हणजे आडोसा आहे पण चुकलं तरी पर्यायी फायदा आहे. अ म्हणजे एकच वाट, चुकलं तर गुण जाणार. अवघडपणा शॉट *सुटायच्या आधी* लिहायचा. नंतर लिहिला तर जमलेला शॉट सोपा वाटायला लागतो, चुकलेला अवघड. बाद फेरीत प्रत्येकीचे ‘अ’ किती आणि त्यांत ३ किंवा ४ किती वेळा, एवढंच शेवटी पाहायचं.

चौथा_दगड

आणि त्या ‘अ’ रकान्यात स्किपची नावं निम्म्याहून जास्त भरतील, पैज लावा. म्हणजे फिरून तिथंच.

अनघा_बर्फवाली

भरतील, मान्य. पण टीव्हीवर वाटतं तितकी नाही. शेवटचा दगड रिकाम्या घरात उघडा ड्रॉ असेल तर तो ‘क’च, कितीही टाळ्या पडोत. आणि घर रिकामं कुणी ठेवलं? आधीच्या सहा दगडांनी. उत्तम संघाच्या स्किपला अवघड शॉट *कमी* येतात. म्हणजे अ-शॉट भरपूर मारणारी स्किप बऱ्याचदा पुढच्या तिघींच्या चुका निस्तरत असते. तिला पुरस्कार द्या, हरकत नाही. पण जिच्या संघात तशी वेळच आली नाही तिच्या सेकंडलाही यादीत घ्या.

गारगोटी

हॅमरचे सांघिक आकडे इथं उपयोगी पडतील का? म्हणजे हॅमर असताना दोन किंवा जास्त गुण किती वेळा, नसताना प्रतिस्पर्ध्याला एकावर किती वेळा रोखलं, चोरी (हॅमर नसताना मिळवलेले गुण) किती?

हिमांगी_स

संघ कसा जिंकला ते कळतं, कुणामुळे ते नाही. शिवाय व्याख्या जपून वापरा. हॅमरची कार्यक्षमता (हॅमर असताना दोन किंवा जास्त गुण) काढताना कोरे, म्हणजे कुणालाच गुण न मिळालेले, एंड वगळतात. दहापैकी पाच एंड हॅमर, त्यातले दोन कोरे, एकात दोन, दोनांत एकेक: तर हिशोब तीनपैकी एक, ३३ टक्के. कोरे धरले तर २० येतो आणि दोन संकेतस्थळांचे आकडे जुळत नाहीत म्हणून लोक भांडतात.

एक उपयोग मात्र आहे. हॅमर नसताना एकावर रोखणं हे काम बहुतेक वेळा पाचव्या ते बाराव्या दगडांत होतं, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या. संघाचा हा आकडा बाद फेरीत वर गेला आणि स्किपचे टक्के तसेच राहिले, तर मधल्या दोघींची वही उघडून बघायची.

रिजायनाकर

अवांतर: त्याच स्पर्धेत मार्ज मिचेल खिलाडूवृत्ती पुरस्कारही असतो. मिचेलही सस्कॅचवानच्याच, १९८० मध्ये जगज्जेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या कॅनेडियन महिला संघाच्या स्किप. तो पुरस्कार खेळाडू आपसात मतदान करून देतात. अवांतर २: प्रायोजक १९८२ पासून टिश्यू पेपरवाली कंपनी, स्पर्धेचं ‘स्कॉटीज’ हे नाव तिथूनच.

शिशिर_तोरांटो

खेळाडूंचं मतदान! श्मर्लर पुरस्कारालाही तेच लावलं तर? समोरच्या संघाच्या सेकंडनं त्यांचं काय वाट्टोळं केलं हे त्यांनाच ठाऊक.

चौथा_दगड

बाद फेरीत पोहोचलेले संघ मोजकेच, आणि अंतिम सामना संपल्यावर हरलेल्या संघाकडून मत मागणार? शिवाय आपल्या संघाला मत देता येत नाही असा नियम केला तर जिंकलेल्यांची मतं हरलेल्यांना जातील. पत्रकार बरे. त्यांना फक्त अनघाताईंची वही द्या. क्रिकेटमध्ये सामनावीर फलंदाजच का, यावर आपण पन्नास वर्षं भांडतोय, तिथं निदान गोलंदाजाच्या नावापुढे बळी तरी लिहिलेले असतात.

अनघा_बर्फवाली

वही कुणीही बनवा, दोन खबरदाऱ्या फक्त. एक, दोघांनी वेगवेगळी लिहा आणि सामन्यानंतर अ-ब-क ताडून बघा. पाचातला एखादा दगड जुळणार नाही, तेवढं चालतं. त्याहून जास्त फरक पडला तर ‘ब’ची व्याख्या दोघांची वेगळी आहे. दोन, एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून १६० दगड होतात. दहाव्या एंडला हात थकतो आणि नेमके तेच रकाने रिकामे राहतात. फिरकीचा रकाना लागला तर सोडा, अवघडपणाचा सोडू नका.

गारगोटी

अ-ब-कचा कोरा तक्ता कुणी करून टाकणार असेल तर १६ ओळी एका एंडला, एका पानावर दोन एंड, म्हणजे सामन्याला पाच पानं. जादा एंडसाठी सहावं पान ठेवा.